जादा चड्ड्या दोन, नाव घालून

हवामान खात्याच्या लेखी मोसमी पाऊस केरळात १ जूनला येतो आणि मुंबईत ११ जूनला. पाळणाघराच्या लेखी तो मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच येतो. पुण्यात शिवाजीनगरच्या वेधशाळेतली मंडळी अजून अरबी समुद्रावरचे ढग न्याहाळत असतात, तोवर कोथरूडपासून हडपसरपर्यंतच्या आईबापांच्या मोबाइलवर सूचना येऊन पडलेली असते : 'पावसाळा सुरू होत आहे. मुलांच्या दप्तरात दोन जादा चड्ड्या, एक बनियन, एक छोटा टॉवेल व ओले कपडे ठेवण्यासाठी पिशवी द्यावी. प्रत्येक वस्तूवर मुलाचे नाव घालावे.' बाहेर ऊन मी म्हणत असतं. पण सूचना आली म्हणजे पावसाळा आला, आणि त्या संध्याकाळी रेनकोटांच्या दुकानात उभं राहायला जागा नसते.

यातलं शेवटचं वाक्य वर्षभर पुरतं. उत्साही आईबाप न पुसणारं पेन आणतात आणि चड्डीच्या पट्टीवर 'आरव' असं लिहितात. तीन धुण्यांनंतर तिथे एक निळसर डाग उरतो. शिवाय एका वर्गात आरव तिघे निघतात, म्हणून आडनाव जोडावं लागतं, तर त्यांतले दोघे कुलकर्णी. ज्या घरात आजी आहे तिथला कारभार वेगळा. आजी लाल दोऱ्यानं साखळी टाक्यात नाव काढते आणि ते नाव मग चड्डी विरली तरी हलत नाही. त्यामुळे मोठ्या बहिणीचे कपडे वापरणारा ईशान दोन पावसाळे 'मुक्ता' या नावानं काढतो आणि नव्या मावशी त्याला त्याच नावानं हाक मारतात. तोही ओ देतो.

एवढं करूनही कपडे बदलतातच. संध्याकाळी ग्रुपवर विचारणा होते, 'कोणाकडे निळी चड्डी गेली आहे का? उजव्या पायावर जिराफ आहे.' रात्री साडेनऊला उत्तर येतं, 'जिराफ आमच्याकडे आहे. आमचा हत्ती कोणाकडे आहे?' हत्तीचा पत्ता लागेपर्यंत दसरा येतो.

शहरातल्या मराठी घरात ऋतू आता पाळणाघराच्या सूचनेतून शिरतो. हे कोणाला जास्तच वाटत असेल तर त्यानं दोन पगारांच्या कुठल्याही घरात जाऊन यंदा घटस्थापना कधी आहे एवढंच विचारून पाहावं. 'थांबा हं, ग्रुपवर बघते,' असं उत्तर येईल. १९७३पासून मराठी भिंतींवर लटकणारं 'कालनिर्णय' अजूनही तिथेच असतं, पण त्याच्यावर दुधाचे आणि इस्त्रीचे हिशेब असतात. पंचांग म्हणून ते पाळणाघरातच वाचलं जातं. तिथून ते संदेशाच्या रूपानं घरी येतं, पावसाळ्याच्या चड्ड्या, श्रावणातला हिरवा पोशाख, संक्रांतीचं काळं झबलं अशा ठोस मागण्या घेऊन. आजीनं 'उद्या नागपंचमी, चिरायचं-कापायचं नाही' असं सांगितलं तर तिकडे दुर्लक्ष करता येतं. पाळणाघरानं 'उद्या नागपंचमीनिमित्त डब्यात उकडलेला पदार्थ द्यावा' असं कळवलं की घरातला बाप रात्री अकरा वाजता दिंडांची कृती शोधत बसतो.

पाळणाघरात दोन प्रकारची माणसं असतात. ताई आणि मावशी. ताई संस्था चालवतात, त्यांनी बालशिक्षणाचा अभ्यासक्रम केलेला असतो आणि सूचना त्याच लिहितात. मावशी मुलं सांभाळतात. ताईंच्या सूचनेत संस्कार असतात, मावशींच्या तोंडी बातमी असते. ताई रोजच्या टिपणात लिहितात, 'आज स्वरा मित्रमैत्रिणींशी संवाद साधताना थोडी उत्साही होती.' दाराशी चपला शोधून देताना मावशी सांगतात, 'आज चावली हो तुमची.' अनुभवी पालक टिपण मोबाइलवर न वाचता थेट दाराशी जातात.

ताईंच्या लेखी सूचनांची एक खासियत आहे. त्यांत कर्ता नसतो. 'काही मुलांच्या डब्यात पाकिटातले चिप्स आढळत आहेत. पालकांनी कृपया नोंद घ्यावी.' कोणाचं नाव नाही, कोणावर रोख नाही. सगळे पालक आपापल्या मनाशी कालचा डबा आठवून पाहतात. ज्याच्या घरून चिप्स गेलेले असतात, त्याचा अंगठा सर्वांत आधी उमटतो. पाठोपाठ तो लिहितोही, 'अगदी योग्य, ताई. याबाबत सर्वांनीच काळजी घ्यायला हवी.'

आईबापांना काय सांगायचं आणि कसं सांगायचं, हा प्रश्न मराठी बालशिक्षणाइतकाच जुना आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला, आणि मुलांना शिकवण्याआधी मोठ्यांना शिकवावं लागतं हे त्यांच्या लवकरच ध्यानात आलं. ताराबाईंची 'शिक्षणपत्रिका' त्याच कामासाठी होती. पुढे १९४५मध्ये ताराबाई आणि अनुताई वाघ तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला गेल्या, तेव्हा मात्र छापील मजकुराचा उपयोग संपला. मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. आधी आंघोळ, मग नखं, मग केस आणि त्यानंतर गाणी-गोष्टी असा क्रम. घरच्यांना वेगळं काही कळवण्याचा प्रश्नच नव्हता, कारण सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत चालायचं. आपलं पोर आंघोळीनंतर कसं दिसतं, ही त्या दिवसाची ताजी बातमी दारातच उभी असायची. १९५७मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येणार नाहीत म्हणून शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा तिथलीच.

सरकारनं २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, ती देशातल्या ३३ प्रकल्पांपासून. या योजनेतल्या अंगणवाडी सेविकेची सूचना आजही बहुतेक तोंडीच असते. 'उद्या वजन आहे गं, पोराला लवकर घेऊन ये, आणि खाऊ घालून आणू नको.' तुळईला काटा टांगलेला, त्याला कापडाची झोळी, झोळीत पाय झाडणारं पोर आणि काट्यावर नजर लावून बसलेली आई. पोर हललं की काटा हलतो, काटा स्थिर होईतो पोर रडतं, आणि सेविका दोन हेलकाव्यांमधला आकडा पकडते. २०२१पासून तो आकडा 'पोषण ट्रॅकर'मध्येही भरावा लागतो, त्यामुळे हल्ली तिला काटा, पोर आणि मोबाइलची रेंज अशा तीन अस्थिर गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. शहरातलं पाळणाघर रोज तीसेक फोटो पाठवतं. त्यांत आपलं मूल शोधायचं, ते सापडलं तर डोळे मिटलेलं, आणि वजन वाढलं की घटलं ते कळायची सोय नाही. खरी खबर मिळण्याच्या बाबतीत तुळईखालची आई जास्त नशीबवान म्हणायची.

जुलै उजाडला की ताईंच्या सूचनांचा सूर बदलतो. 'सर्दी, खोकला, ताप असल्यास मुलास पाठवू नये.' साधं वाक्य. पण ते वाचणाऱ्या आईचं दहा वाजता सादरीकरण असतं आणि बापाची रजा मार्चमध्येच संपलेली असते. मग सकाळी साडेसातला पॅरासिटॅमॉलचा एक चमचा पोटात जातो. आठपर्यंत मूल गार पडतं, साडेआठला पाळणाघराच्या दाराशी हसत उभं असतं. या औषधाचा अंमल चार ते सहा तास. साडेबारा-एकला, नेमकं वरणभाताच्या वेळी, कपाळ तापतं आणि ताईंचा फोन जातो. 'अगं बाई! सकाळी तर इतका छान खेळत होता,' असं पलीकडून ऐकू येतं. हे वाक्य ताईंना इतकं पाठ असतं की पुष्कळदा त्या ते मनातल्या मनात बरोबरीनं म्हणतात.

पळवाट लक्षात आली की सूचना सुधारते. 'तापाचे औषध देऊन मुलास पाठवू नये.' यावर एक बाप विचारतो की, दाताच्या दुखण्यासाठी तेच औषध दिलं असेल तर चालेल का. पुढच्या पावसाळ्यात मजकूर असा होतो : 'कोणत्याही कारणाने कोणतेही औषध न देता सलग चोवीस तास ताप नसल्यासच मुलास पाठवावे.' प्राप्तिकराच्या कायद्यात कलमाला पोटकलम आणि पोटकलमाला स्पष्टीकरण फुटत जातं, तसंच हे.

यात आईबापांना खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. त्यांची बाजू साध्या बेरजेवजाबाकीची आहे. लहान मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणं डॉक्टर सर्वसाधारण मानतात, आणि चार मुलांत मिसळायला लागलेल्या पहिल्या वर्षी तर जास्तच. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला किरकोळ रजा वर्षाला आठ. म्हणजे आठ सर्द्या, आठ रजा, हिशेब चोख. त्यात आईला स्वतःला सर्दी होऊ नये आणि सासरच्या लग्नांनी सुट्टीचा वार साधावा, एवढंच.

पावसाळ्यातली सर्वांत गाजणारी सूचना म्हणजे 'हँड, फूट अँड माउथ'ची. कॉक्सॅकी गटातल्या विषाणूंमुळे तळहात, तळपाय आणि तोंडात बारीक फोड येतात. मूल खायला-प्यायला मागत नाही, चिडचिडतं आणि बहुतेक वेळा आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरं होतं. आईबाप घाबरून डॉक्टरांकडे पळतात. गावाकडून आलेले आजोबा मात्र शांत असतात. नातवाचे हात-पाय उलटेपालटे करून बघतात, तोंड उघडायला लावतात आणि निदान करतात, 'ही तर लाळ्या-खुरकत!' त्यांनी जन्मभर जनावरं सांभाळलेली असतात. लक्षणं तीच, जागा त्याच, पावसाचे दिवसही तेच. जनावरांचा विषाणू निराळा आणि हा निराळा, दोघांचं घराणं दुरून एक लागतं एवढंच, हे डॉक्टर समजावून सांगतात. आजोबा ऐकून घेतात. दुसऱ्या दिवशी नातवाला सोडायला गेल्यावर ते ताईंना दाराच्या उंबऱ्यापाशी चुन्याची फक्की टाकायला सांगतात, आणि दूध पुन्हा कधी धरेल तेही विचारतात. सून गाडीत बसून राहते.

२०२३च्या जुलैत डोळ्यांची साथ आळंदी-पुण्याकडे जोरात होती, तेव्हा पाळणाघरांनी 'डोळे आलेल्या मुलांना घरी ठेवावे' असं कळवलं. तीन-तीन वर्षांची मुलं काळे गॉगल लावून खिडकीत बसली. ज्यांचे डोळे आले नव्हते, त्यांनी घरी रडून गॉगल मिळवला आणि तो लावून पाळणाघरात आली. आता यात आलेले कोणाचे आणि हौसेचे कोणाचे, हे ओळखायला मावशींना प्रत्येकाचा गॉगल वर करून आत डोकावावं लागे.

उवांची सूचना दर वर्षी येते आणि त्यावर कोणीच अंगठा उमटवत नाही. एकूण एक घराची खात्री असते की हा प्रकार दुसऱ्या घरातून आलेला आहे. त्या आठवड्यात जवळच्या औषधाच्या दुकानातल्या बारीक दातांच्या फण्या मात्र संपतात.

याच दिवसांत आषाढी येते. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात शिरल्या, एक भवानी पेठेत आणि एक नाना पेठेत उतरली की आधी 'वाहतुकीतील बदलामुळे दुपारी १ वाजता मुलांना न्यावे' अशी सूचना येते. त्यानंतर लगेच दुसरी, 'आषाढीनिमित्त बालदिंडी. मुलांनी धोतर-सदरा-टोपी, मुलींनी नऊवारी. डोक्यावर तुळस.' तुळशीबागेत तयार शिवलेली धोतरं मिळतात, कमरेला इलॅस्टिकवाली. दोन वर्षांच्या वारकऱ्याच्या धोतराखाली डायपर असतो, त्यामुळे धोतराला पाठीमागून वेगळाच भारदस्तपणा येतो. मिशी काजळाची. ती दहा मिनिटांत गालापर्यंत पसरते आणि मग तो वारकरी कमी आणि दरोडेखोर जास्त दिसतो.

दिंडी इमारतीच्या फाटकापासून निघून रखवालदाराच्या खोलीपर्यंत जाते आणि परत येते. रिंगण होतं ते सोसायटीत लावलेल्या एका स्कूटरभोवती. विठ्ठल झालेला मुलगा पाटावर कमरेवर हात ठेवून उभा असतो. 'हात काढायचे नाहीत हं,' असं त्याला मावशींनी बजावलेलं असतं, आणि हा पठ्ठ्या दिलेला शब्द पाळणाऱ्यांतला. दिंडी येते, आरती होते, फोटो निघतात, हात जागचे हलत नाहीत. मग मुकुटाच्या झिरमिळ्या नाकाला लागतात. नाक खाजवायला लागतं. तो नाक वर-खाली करतो, डोळे बारीक करतो, पण हात कमरेवरच. शेवटी न राहवून पुटपुटतो, 'मावशी, नाक.' मावशी पुढे होऊन विठ्ठलाचं नाक खाजवतात. शेजारच्या रुक्मिणीनं एव्हाना मुकुट काढून मांडीवर घेतलेला असतो आणि त्यात राजगिऱ्याचा लाडू फोडायला सुरुवात केलेली असते.

श्रावण-भाद्रपदातल्या सूचना भराभर येतात. राखीला लोकर, दहीहंडीला लाह्या, बैलपोळ्याला मातीचे बैल, गणपतीला शाडू. पाळणाघरातला गणपती दीड दिवसाचा, कारण पुढचे दिवस मावशी आपापल्या गावी जातात. अश्विनात हस्त लागला की भोंडला. पाटावर हत्ती, भोवती फेर आणि शेवटी खिरापत ओळखायची. डबा वाजवून दाखवायचा आणि आत काय ते मुलींनी हेरायचं, यातच त्या खेळाचा जीव आहे. पण पाळणाघराला सगळं आधी कळवावं लागतं. शेंगदाण्यानं कोणाच्या अंगावर पित्त उठतं, कोणाला दूध चालत नाही. म्हणून दोन दिवस आधीच जाहीर होतं, 'भोंडल्याची खिरापत : रव्याचा लाडू, शेंगदाणाविरहित.' फेर संपतो, ताई डबा हलवतात, 'ओळखा पाहू!' म्हणतात आणि पंचवीस मुली एका दमात ओरडतात, 'शेंगदाणाविरहित!'

दिवाळीच्या आधी किल्ल्याची सूचना येते. मुलांनी माती, विटांचे तुकडे, अळीव आणि मावळे आणायचे असतात. माती शहरात कुठे मिळते हा शोध बापाला रात्री दुचाकीवर घ्यावा लागतो, आणि बांधकामाच्या ठिकाणी पिशवी भरताना रखवालदारानं हटकलं तर 'रायगड करायचाय' हे उत्तर त्याला पटेलच असं नाही. मुलांच्या हातून किल्ल्यावर अळीव पडतात. एका बुरुजावर दाट रान उगवतं, बाकीचा गड कोरडा.

एवढ्या सगळ्या सूचना निमूटपणे पाळणारे पालक एका सूचनेपुढे मात्र पार ढासळतात. 'पाळणाघर दिवाळीनिमित्त सहा दिवस बंद राहील.' अंगठे येत नाहीत. आधी शांतता. मग एक जण विचारतो, 'सहाच्या सहा दिवस?' दुसरी विचारते, 'भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निदान अर्धा दिवस?' तिसरा कळवतो की त्याची कंपनी अमेरिकेच्या वेळेवर चालते आणि तिथे भाऊबीज नाही. मावशींनाही घर आहे, त्यांनाही भाऊ आहे आणि त्याला ओवाळायला त्यांनाही यंदा तरी चिपळूणला जायचं आहे, हे ताई तीन संदेशांत समजावतात. त्या रात्री नागपूर, सोलापूर, मिरज, जळगाव अशा गावी फोन जातात. आवाजात एकाएकी माया दाटून येते. 'आई, या वेळी दिवाळीला इकडेच या ना. लवकर या. बाबांनाही आणा. हो, पुढचे आठ दिवस राहा की, कसली घाई आहे?' आजी-आजोबांना कारण माहीत असतं. ते येतात, पण तिकीट काढायच्या आधी पाळणाघर कधी उघडणार एवढं विचारून घेतात.

कायद्यानं या कोंडीवर उपाय करून पाहिला आहे. कारखान्यांतल्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद १९४८च्या कारखाना कायद्यात होती. २०१७च्या प्रसूतिलाभ कायद्यातल्या दुरुस्तीनं पगारी रजा २६ आठवड्यांवर नेली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. तिथल्या आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभा दिली. हे लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण त्यांनी मसुदा करताना एखाद्या मावशींना विचारलं नसणार. आई भेटून गेली की मूल रडतं. एकदा रडून शांत झालेलं मूल चार भेटींत चार वेळा नव्यानं रडतं, आणि त्याला बघून बाकीची पंधरा. अशा ठिकाणच्या मावशी आईला काचेच्या दारातूनच हातानं खुणावतात, 'झोपलाय, झोपलाय.' आत तो ताटली वाजवत असतो.

संक्रांतीला सामुदायिक बोरन्हाण. मूळ विधीत पाच वर्षांखालच्या मुलाला काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालतात आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे ओततात. मुलांनी ते वेचून खायचं, म्हणजे त्या ऋतूतली फळं आपसूक पोटात जातात. पाळणाघराची सूचना याला एकेक करून कात्री लावते. चार वर्षांखालच्या मुलांच्या घशात अख्खे दाणे अडकतात म्हणून शेंगदाणे नकोत. बी असते म्हणून बोरं नकोत. चोथा अडकतो म्हणून ऊस नको. डॉक्टर याच बाजूचे असल्यानं वाद घालायला जागा नाही. उरतात चुरमुरे. आजीला हे पटत नाही, ती पदराआडून मूठभर बोरं आणते आणि ताईंची पाठ फिरताच ओतते. एक टपोरं बोर टणकन नातवाच्या टाळूवर आपटतं, तो भोकाड पसरतो, आणि हलव्याचा हार एव्हाना शेजारच्या मुलीनं निम्मा चाटून संपवलेला असतो.

गॅदरिंगची सूचना चार पानी असते आणि तिच्यातला 'पालकांनी रंगमंचासमोर उभे राहून चित्रीकरण करू नये' हा मुद्दा ठळक अक्षरांत. पडदा उघडतो तेव्हा पहिल्या रांगेतल्या खुर्च्या रिकाम्या असतात, कारण त्यांतले सगळे समोर उभे असतात. कोळी नाचात चौदा मुलं. तीन नाचतात, दोन रडतात, एक आईला हात करते, एक टोपली डोक्यावर उपडी घालून उभा असतो. उरलेली सात तोंडं वळवून विंगेकडे बघत असतात, कारण विंगेत मावशी नाचत असतात. ठेका पक्का, कंबर बरोबर, चेहऱ्यावर दर्याची ओढ. संध्याकाळचा सर्वांत चांगला नाच तोच असतो आणि तीसेक कॅमेऱ्यांपैकी एकही तिकडे वळत नाही.

मार्चमध्ये शाळेत जाणाऱ्या मोठ्या गटाचा निरोपसमारंभ होतो, झगा आणि चौकोनी टोपी घालून. सदतीस-अडतीस अंशांच्या उन्हात काळा सॅटिनचा झगा घालून साडेतीन-चार वर्षांचे पदवीधर ओळीनं उभे राहतात. ही हौस कोणाची ते उघड आहे, मुलांना तर त्या टोपीच्या गोंड्याशिवाय कशातच रस नसतो.

पण मार्चमधली खरी सूचना वेगळी. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं, बँकांमधले आणि सनदी लेखापालांकडचे आईबाप उशिरापर्यंत अडकतात आणि संध्याकाळी साडेसहाला बंद होणाऱ्या पाळणाघरात सव्वासातला दोन मुलं आणि एक मावशी उरतात. 'साडेसहानंतर प्रत्येक पंधरा मिनिटांस शंभर रुपये आकारण्यात येतील.' कित्येक ताई हा उपाय करून बसल्या आहेत. इस्रायलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांवर उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रयोग केला होता, त्यांचा निबंध २०००मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सहा पाळणाघरांत उशिराला दंड लावला, तर उशीर करणारे घटायचे सोडून जवळपास दुप्पट झाले. आधी लोकांना ओशाळल्यासारखं होत होतं. दंड आल्यावर त्यांना वाटलं, पैसे तर देतोय. पुढे दंड उठवला तरी उशीर तसाच राहिला. पुण्यातही दुसरं काही होत नाही. एक बाप तर महिन्याच्या सुरुवातीलाच आगाऊ दोन हजार भरून मोकळा होतो आणि पावती मागतो.

ताई चिंतेत पडतात. मावशींनी हैफाचं नाव ऐकलेलं नसतं, त्या स्वतःच्या डोक्यानं चालतात. सहा पस्तीसला त्या मुलाला बूट घालतात, दप्तर पाठीला लावतात, पायरीवर बसवतात आणि त्याच्या हाती मोबाइल देतात. त्यानं बोलून पाठवलेला निरोप बापाला एकट्याला जात नाही, पालकांच्या ग्रुपवर पडतो. बोबड्या, पण खणखणीत आवाजात. 'बाबा, लवकर ये. सगळे गेले. मावशींची मालिका सुरू होणारे.' साठ आईबाप तो ऐकतात. दुसऱ्या दिवशी सव्वासहालाच तीन बाप दाराशी घड्याळ बघत उभे असतात आणि मावशी आतून ओरडतात, 'एवढ्या लवकर कशाला आलात? बसा तिकडे. शिरा खातोय तो अजून!'